‘अबाउंड’ : काठाबाहेर गेलेले क्रियापद

गुंतवणुकीच्या गुळगुळीत माहितीपत्रकांत एक इंग्रजी वाक्य हमखास भेटते : ‘अपॉर्च्युनिटीज अबाउंड’. शेजारी बहुधा एखाद्या उंच इमारतीचे चित्र असते आणि तळाशी, बारीक अक्षरांत, जोखमीचा इशारा. वाचणारा ‘अबाउंड’ या शब्दापाशी क्षणभर थबकतो, शब्दकोश उघडतो. तेथे ‘विपुल असणे, रेलचेल असणे’ असा अर्थ सापडतो आणि तो समाधानाने पुढे जातो. अर्थ बरोबरच आहे. परंतु ज्या घरात ‘पुष्कळ’ म्हटले की ‘म्हणजे किती?’ आणि ‘ते कोणाचे?’ हे दोन प्रश्न आपसूक विचारले जातात, त्या व्यापारी घरात या क्रियापदाची अधिक चौकशी व्हायला हवी. कारण नेमक्या याच दोन प्रश्नांना हा शब्द उत्तर देत नाही.

शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘उन्दा’ म्हणजे लाट. तिच्यापासून ‘उन्दारे’, म्हणजे लाटांनी उसळणे. आणि ‘पासून, बाहेर’ या अर्थाचा ‘अब’ हा उपसर्ग लागून ‘अबुन्दारे’, म्हणजे लाटेने काठ ओलांडून बाहेर वाहणे. नदी दुथडी भरून पात्राबाहेर पडते, हे या शब्दातले मूळ चित्र होय. पुढे पाणी मागे राहिले आणि केवळ ‘भरून वाहण्याइतके असणे’ एवढा अर्थ उरला. हेच लॅटिन क्रियापद जुन्या फ्रेंच भाषेत ‘अबोंदे’ असे झाले आणि फ्रेंच बोलणाऱ्या राज्यकर्त्यांच्या मागोमाग इंग्लंडात पोहोचलेल्या असंख्य शब्दांबरोबर चौदाव्या शतकात इंग्रजीत रुजले.

‘उन्दा’ हा शब्द ऐकून संस्कृत जाणणाऱ्याचे कान टवकारले जातात. पाणिनीय धातुपाठात ‘उन्द्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ भिजणे, ओले होणे. ‘उदक’ त्याच कुळातले. ‘समुद्र’ या शब्दातले ‘उद्’ हे पाणीच. तांदूळ पाण्यात शिजून फुगतो, म्हणून भाताला ‘ओदन’. पाण्यात वावरणारे पाणमांजर संस्कृतात ‘उद्र’ आणि इंग्रजीत ‘ऑटर’. इंग्रजीतील ‘वॉटर’ आणि ‘वेट’ हेही याच गोत्रातले, आणि ‘हायड्रो’ने सुरू होणाऱ्या शब्दांमागचे ग्रीक ‘ह्युदोर’सुद्धा. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले, त्याची साक्ष अशा घरगुती शब्दांतूनच मिळते. ताटातला दहीभात आणि इंग्रजी निबंधातले ‘अबाउंड’ हे दूरचे भाऊबंद आहेत, ही गोष्ट मुलांना सांगितली तर स्पेलिंग पाठ करण्याचा कंटाळा थोडा तरी कमी होईल.

मात्र आवाजाच्या साम्यावर भाळून चालत नाही. मराठीतील ‘उदंड’ हा शब्द कानाला उदकाच्या जवळचा वाटतो आणि अर्थही विपुलतेचाच आहे. तरी त्याचे मूळ ‘उद्दण्ड’ या संस्कृत शब्दात आहे. त्यात पाणी नाही, उगारलेला दंड आहे. हिंदीत आजही ‘उद्दंड’ म्हणजे उर्मट. मराठीने तोच शब्द आशीर्वादाच्या कामी लावला. इंग्रजीतही अशीच फसगत होते. ‘अबाउंड’मध्ये ‘बाउंड’ दिसतो, म्हणून ‘बंधन नसलेला’ असा विग्रह करून मोकळे होणारे विद्यार्थी थोडे नाहीत. वास्तविक इंग्रजीत ‘बाउंड’ चार आहेत : उडी मारणे, सीमा, बांधलेला आणि अमुक दिशेला निघालेला. चौघांची कुळे वेगवेगळी, आणि या चौघांपैकी एकाचाही ‘अबाउंड’शी संबंध नाही.

विपुलतेसाठी इंग्रजीत ‘प्लेंटी’ हा अधिक परिचित शब्द आहे. तो लॅटिन ‘प्लेनुस’ या विशेषणावरून आला. आपले ‘पूर्ण’ आणि इंग्रजीतील ‘फुल’ हे त्याचे सख्खे नातलग. म्हणजे ‘प्लेंटी’च्या मुळाशी भरलेले भांडे आहे आणि ‘अबाउंड’च्या मुळाशी काठावरून सांडणारे पाणी. धान्याचा व्यवहार पायली-शेराने होत असे त्या काळातील माणसाला हा फरक निराळा समजावून सांगावा लागला नसता. माप काठापर्यंत सपाट भरले, तर ते पुरे. काठावर धान्याचा निमुळता ढीग चढला, तर ती शीग. शिगोशीग भरलेले माप देणारा दुकानदार पंचक्रोशीत नाव कमावीत असे. आणि शिगेवर आणखी ओंजळ टाकली की दाणे घरंगळून खाली सांडू लागतात. ‘अबाउंड’ सुरू होते ते येथे. मराठीत या क्रियापदाला नेमका प्रतिशब्द हवा असेल, तर तो ‘विपुल असणे’ हा नव्हे. ‘ओसंडणे’ हा आहे. ‘विपुल असणे’ हे एका स्थितीचे वर्णन झाले. ‘ओसंडणे’ ही क्रिया आहे, तीत हालचाल आहे, आणि जे ओसंडते ते भांड्याच्या ताब्यात राहत नाही, हेही त्यातच आले.

हा ताबा सुटण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण या शब्दाच्या इतिहासात एक गमतीदार घोटाळा नेमका त्याच जागी झाला. मध्ययुगात फ्रेंच आणि इंग्रजी लेखनिक हा शब्द ‘अबाउंड’ असा न लिहिता आरंभी ‘एच’ लावून ‘हॅबाउंड’ असा लिहीत. तसेच ‘हॅबंडन्स’ आणि ‘हॅबंडंट’. या आगंतुक ‘एच’चे कारण असे, की त्यांना हा शब्द लॅटिन ‘हाबेरे’ या क्रियापदापासून निघाला असावा असे वाटत होते, आणि ‘हाबेरे’ म्हणजे जवळ असणे, बाळगणे. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे तो संपन्न, हा तर्क सरळ दिसतो. सुबत्ता म्हणजे मालकी, असे त्या लेखनिकांनी नकळत अक्षरांतच लिहून ठेवले. पुढे लॅटिनचा अभ्यास काटेकोर झाला, खरी व्युत्पत्ती ध्यानात आली आणि ‘एच’ गळून पडला. मूळ शब्दात मालक नव्हताच. होती ती नदी.

व्याकरण पाहिले तर मालकाची ही अनुपस्थिती आजही जाणवते. ‘अबाउंड’ हे अकर्मक क्रियापद आहे. ते कर्म घेत नाही. म्हणून ‘द ट्रेडर अबाउंड्स मनी’ हे वाक्य अशुद्ध ठरते. शुद्ध रचना दोन. पहिलीत वस्तू कर्ता होते : ‘फिश अबाउंड इन द रिव्हर’, नदीत मासळी मुबलक आहे. दुसरीत ठिकाण कर्ता होते : ‘द रिव्हर अबाउंड्स इन फिश’. दुसऱ्या रचनेत ‘इन’ऐवजी ‘विथ’ही चालते, ‘ऑफ’ चालत नाही. कर्मणी प्रयोग होत नाही, ‘इज अबाउंडिंग’ असे चालू काळाचे रूप क्वचितच दिसते, आणि एकट्या-दुकट्या वस्तूसाठी हे क्रियापद वापरता येत नाही. कर्ता वस्तू असेल तर ती अनेकवचनी किंवा राशीवाचक असावी लागते. बोलण्यात इंग्रज माणूस ‘देअर आर लॉट्स ऑफ’ असे साधे म्हणेल. ‘अबाउंड’ हा लेखी, किंचित भारदस्त शब्द आहे. किराणा मालाच्या यादीवर तो शोभणार नाही.

माणूस कर्ता होऊ शकतो, पण बहुधा गुणांच्या बाबतीत. एखादा धैर्याने वा उत्साहाने ‘अबाउंड’ करतो असे म्हणता येते. तो पैशाने ‘अबाउंड’ करतो असे म्हटले तर इंग्रजी कानाला खटकते. जुना अपवाद बायबलमध्ये आहे. सेंट पॉल यांनी बंदिवासातून फिलिप्पी गावच्या मंडळींना ग्रीक भाषेत पत्र लिहिले. मदत पाठविल्याबद्दल त्यांचे आभार मानताना, टंचाईत कसे राहावे आणि भरभराटीत कसे राहावे हे दोन्ही आपण शिकलो आहोत, अशा आशयाचे त्यांचे उद्गार आहेत. तेथील भरभराटीसाठी लॅटिन भाषांतरात ‘अबुन्दारे’ आणि १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात ‘अबाउंड’ हे क्रियापद आले आहे. तेथेही लिहिणारा आपल्या मालमत्तेची यादी देत नाही. भरती-ओहोटीत टिकून राहण्याची कला सांगतो.

मराठीत भाषांतर करताना मात्र एका वेगळ्या अडचणीशी गाठ पडते. इंग्रजी क्रियापद तटस्थ आहे. आंबे ‘अबाउंड’ करतात, उंदीरही करतात आणि छापखान्याच्या चुकाही करतात. मराठी इतकी अलिप्त राहत नाही. ती मोजता मोजता मत देते. आंब्यांची रेलचेल असते, उंदरांचा सुळसुळाट असतो. रेलचेल म्हटले की वस्तू हवीशी ठरली, सुळसुळाट म्हटले की नकोशी. उंदरांची रेलचेल कोणी म्हणत नाही; म्हटलेच, तर ती थट्टा असते. अफवांना ‘ऊत येतो’, आणि येथे मराठी नकळत लॅटिनच्या अगदी जवळ जाते, कारण ऊत म्हणजे उकळते दूध पातेल्याच्या काठावरून वर येणे. नव्या शिकवणी-वर्गांचे किंवा झटपट श्रीमंत करणाऱ्या योजनांचे ‘पेव फुटते’. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार, हे शहरातील तरुण पिढीला आता ठाऊक नसते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे जुन्या व्यापाऱ्यांना चांगली परिचित आहेत. तेथील विशिष्ट मातीत खणलेल्या या खोल खड्ड्यांत हळद दीर्घकाळ सुरक्षित राहत असे. २००५ च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरले आणि साठविलेल्या हळदीचे मोठे नुकसान झाले. ‘उन्दा’चा मूळ अर्थ असा प्रत्यक्ष दारात येतो, तेव्हा शब्दकोशाची गरज राहत नाही.

विपुलतेला देवता मानण्याची प्रथा रोमन लोकांतही होती. तिचे नाव ‘अबुन्दान्तिया’, म्हणजे याच क्रियापदाचे नाम. तिच्या हाती एक मोठे शिंग असते आणि त्यातून ती नाणी किंवा धान्य ओतीत असते. तिला देवळांपेक्षा नाण्यांवर अधिक स्थान मिळाले. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील अनेक सम्राटांनी नाण्याच्या मागील बाजूस तिची आकृती आणि तिचे नाव छापले. त्यांत गॅलिएनस हा सम्राट होता. त्याची कारकीर्द २५३ ते २६८. त्याचा पिता आणि सहसम्राट व्हॅलेरियन २६० साली इराणच्या राजाच्या हाती कैद झाला, सरहद्दी ढासळल्या, प्रांत फुटून निघाले, सैन्याचा खर्च भागेना. मग सरकारी टांकसाळीने जो उपाय अडचणीतील बहुतेक राजवटींनी केला आहे तोच केला : चांदीच्या नाण्यातील चांदी घटविली. गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत ते नाणे तांब्याचे झाले होते, वर नावापुरता चांदीचा मुलामा. आणि त्याच नाण्यांपैकी काहींवर देवी अबुन्दान्तिया शिंग उपडे करून सुबत्ता ओतीत उभी आहे. नाण्यांची संख्या खरोखरच ओसंडत होती. आटली होती ती किंमत. ज्या राज्यात सुबत्ता नाण्यावर छापून सांगावी लागते, तेथील सराफाने नाणे कसोटीवर घासून पाहिल्याखेराज घेऊ नये, हे सांगण्यासाठी वाणिज्याची पदवी लागत नाही.

चलनाचे जे, तेच मालाचे. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात पाणी आणि हिरा यांचे कोडे मांडले. पाण्याइतके उपयोगी काही नाही, पण त्याच्या बदल्यात फारसे काही मिळत नाही. हिऱ्याचा उपयोग जवळजवळ नाही, पण त्याच्या बदल्यात पुष्कळ काही मिळते. या कोड्याची समाधानकारक उकल पुढे सुमारे शतकभराने झाली. जेव्हन्स आणि मेंगर यांनी १८७१ मध्ये आणि वालरा यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले, की किंमत ठरते ती वस्तूच्या एकूण उपयोगावरून नव्हे, तर हाती आलेल्या शेवटच्या नगाच्या उपयोगावरून. जे ओसंडते त्याचा शेवटचा थेंब कोणाला नको असतो. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला उभा राहणारा शेतकरी हे तत्त्व पुस्तकाशिवाय जाणतो. ट्रॅक्टरांची रांग जितकी लांब, तितका भाव खाली. वर्तमानपत्राच्या दृष्टीने ते कांद्याचे भरघोस पीक. पिकविणाऱ्याच्या दृष्टीने वाहतुकीचा खर्चही न निघणारा दिवस. ‘अनियन्स अबाउंड’ हे वाक्य कोणाच्या तोंडचे आहे, शेतकऱ्याच्या की ग्राहकाच्या, हे कळल्याखेरीज त्यात आनंद आहे की आकांत, ते सांगता येत नाही.

म्हणून माहितीपत्रकातल्या त्या वाक्याकडे पुन्हा थोडे निरखून पाहणे बरे. ‘अबाउंड’ या क्रियापदाला आकडा नाही. प्रकल्प अहवालात ‘रॉ मटेरियल अबाउंड्स इन द रीजन’ असे लिहिलेले असेल, तर कर्जाचा अर्ज तपासणारा जाणता अधिकारी तेथे पेन्सिलीने खूण करतो आणि समासात लिहितो : किती टन, कोणत्या महिन्यांत, कोणत्या भावाने, आणि पुरवठ्याचा करार कोणाशी? कच्चा माल प्रदेशात ओसंडत असेलही. तो अर्जदाराच्या गोदामात येईलच असे त्या वाक्यात कोठेही म्हटलेले नाही. या बाबतीत आपला जुना ‘मुबलक’ हा शब्द अधिक हिशेबी म्हणावा लागेल. तो अरबी ‘मब्लग’वरून, फारसीच्या मार्गाने आला. त्याचा मूळ अर्थ रक्कम, एकूण आकडा. जुन्या दस्तांत रुपयांच्या आकड्यापूर्वी ‘मबलग’ असे लिहीत. मराठीत रकमेचाच ‘पुष्कळ’ झाला. लॅटिनने विपुलता नदीकडे पाहून ओळखली, आपल्याकडे ती कारकुनाच्या वहीतूनही आली.

‘उन्दा’च्या लाटेने इंग्रजीत आणखी काही शब्द आणून टाकले आहेत. ‘इनंडेट’ म्हणजे पूर येऊन बुडविणे. ‘इनंडेटेड विथ ऑर्डर्स’ असे लिहिणारा दुकानदार प्रत्यक्षात गटांगळ्या खात नसतो, तो खुशीत असतो. चढउतारांच्या रस्त्याला ‘अंड्युलेटिंग’ म्हणतात, कारण जमीनच तेथे लाटांसारखी दिसते. सर्वांत चकविणारा शब्द ‘सराउंड’. त्याचे मूळ ‘सुपेरुन्दारे’, म्हणजे वरून वाहणे; पंधराव्या शतकातील इंग्रजीत ‘सराउंड’चा अर्थ पुराने व्यापणे असाच होता. पुढे त्याच्या उच्चारात लोकांना ‘राउंड’ ऐकू येऊ लागले आणि सतराव्या शतकापर्यंत पुराचा वेढा झाला.

आणि याच घरातला एक शब्द आज अनेक कुटुंबांत डोळ्यांत पाणी आणतो : ‘रिडंडंट’. ‘रेदुन्दारे’ म्हणजे भरून उलटे, माघारी वाहणे. ‘अबंडंट’ आणि ‘रिडंडंट’ ही एकाच लाटेची दोन अपत्ये. एकाला आशीर्वादात स्थान मिळाले, दुसऱ्याला सेवामुक्तीच्या पत्रात. लंडनला किंवा लेस्टरला नोकरी करणारा मुलगा एके रात्री फोनवर सांगतो, की त्याला ‘रिडंडंट’ केले आहे. फोन ठेवल्यावर इकडे वडील शब्दकोश उघडतात. तेथे ‘अनावश्यक, फाजील, जादा’ असे अर्थ असतात. ज्या मुलाच्या शिक्षणासाठी दुकानातून पैसा काढला, तो मुलगा परक्या देशात फाजील ठरला, हा अर्थ बापाच्या मनात जाऊन बसतो. नातेवाइकांपासून गोष्ट लपविली जाते. मुलगा परत आला तर ‘रजेवर आला आहे’ असे सांगितले जाते.

येथे शब्दकोशाने अर्धेच सांगितलेले असते. ब्रिटनमध्ये ‘रिडंडन्सी’ हा कायद्याचा पारिभाषिक शब्द आहे. १९६५ च्या रिडंडन्सी पेमेंट्स ॲक्टने तो रूढ केला आणि आज त्याची व्याख्या १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये आहे. व्यवसाय बंद होणे, त्या जागेवरून हलणे, किंवा एका विशिष्ट प्रकारच्या कामासाठी माणसांची गरज संपणे वा कमी होणे, ही त्याची कारणे. कर्मचाऱ्याची लायकी किंवा वर्तणूक हे त्याचे कारणच नव्हे. त्या कारणांसाठी कायद्यात वेगळ्या तरतुदी आहेत. म्हणजे ओसंडली ती जागा, माणूस नव्हे. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने अशाच प्रसंगासाठी ‘रिट्रेंचमेंट’ हा शब्द घेतला. तो फ्रेंचमधील कापून टाकण्याच्या क्रियापदावरून आला, आणि मराठीने त्याचे ‘कपात’ असे चोख भाषांतर केले. इंग्रजांच्या शब्दात पाणी आहे, आपल्या शब्दात कात्री आहे. पगार दोन्हीकडे सारखाच थांबतो.

तंत्रज्ञांच्या बोलीत तर हाच शब्द प्रशंसेचा आहे. विमानात एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी असावी, बँकेच्या खात्यांची माहिती एका केंद्राला आग लागली तरी दुसऱ्या शहरातील केंद्रात शाबूत असावी, म्हणून मुद्दाम जे जादा ठेवले जाते त्याला अभियंते ‘रिडंडन्सी’ म्हणतात. तेथे जादा असणे म्हणजे अडीअडचणीला उपयोगी पडणे.

तेव्हा असे पत्र घरात आलेच, तर शब्दकोशाआधी पत्रातील तारखा पाहाव्यात. ब्रिटनमध्ये त्याच मालकाकडे सलग दोन वर्षे नोकरी पूर्ण झालेली असेल, तर कायद्याने ठरलेली भरपाई मिळते. ती वय, आठवड्याचा पगार आणि सेवेची वर्षे यांवरून काढतात. बाविसाव्या वर्षापूर्वीच्या सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला अर्ध्या आठवड्याचा, बावीस ते चाळीस या वयातील वर्षाला एका आठवड्याचा आणि एक्केचाळीसपासून पुढच्या वर्षाला दीड आठवड्याचा पगार. सेवा कितीही झाली तरी जास्तीत जास्त वीस वर्षे धरतात, आणि आठवड्याच्या पगारालाही कमाल मर्यादा आहे. भरपाईच्या पहिल्या तीस हजार पौंडांवर आयकर लागत नाही. नोटिशीच्या मुदतीचा पगार आणि न घेतलेल्या रजेचे पैसे त्याखेरीज वेगळे. त्यांवर मात्र कर कापला जातो.